शबनमची पाठ

वळ, ता. भिवंडी
२ डिसेंबर २०२४

काळूकाका, जय भीम.

फोन करत नाही, कारण तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही मात्र इतके ओरडता की माझा कान दुखतो. मेसेज करावा तर तुळजाताई आधी वाचते आणि मग तो तुमच्या अख्ख्या घरात फिरतो. म्हणून हे पत्र. डोळखांबला पोस्टमन येतो ना अजून?

बातमी अशी की मी घोडे प्रदर्शनात उतरवतेय. जानेवारीच्या ११ आणि १२ तारखेला, शनिवार-रविवार, आपल्या इथल्या गोदामांमागच्या मैदानात अश्व प्रदर्शन आहे. तुमच्या पुतण्याच्या पोराने, प्रितेशने आणि त्याच्या मंडळाने ठेवलंय. पुण्या-नाशकाचे लोक येणार, त्यांचे घोडे एसी गाडीतून उतरणार. त्यांच्यात आपल्या तबेल्यातले तिघं. हसू नका. पेढ्या दुधाच्या दातांच्या, म्हणजे शिंगरांच्या गटात, हवालदार चालीच्या स्पर्धेत, आणि शबनम पांढऱ्या घोड्यांत.

आई म्हणते, "वरातीची जनावरं ती, तिथे जाऊन काय मिरवणार?" मी म्हटलं, आई, मिरवणं हाच त्यांचा धंदा आहे. आजवर दुसऱ्यांना मिरवलं, दोन दिवस स्वतः मिरवतील.

पण खरं कारण शबनम आहे. गेल्या मे महिन्यात धामणकर नाक्यावरून एक वरात निघाली होती, नवरदेव शबनमवर होता. दोन महिन्यांनी तो मुलगा हायवेवर बाइकच्या अपघातात गेला. ट्रेलरने उडवलं. ट्रेलरवाल्याला कोणी बोट लावलं नाही, नाव मात्र घोडीचं झालं. आता फोन आला की पहिलं वाक्य, "ती पांढरीवाली मत भेजना." या सीझनला तिला एकही वरात नाही. राघो व्यापारी दर गुरुवारी येतो, तिचे दात बघतो आणि जातो. कुठे नेणार विचारलं की नुसता हसतो. आईने त्याला शब्द देऊन टाकलाय, संक्रांतीपर्यंत कोणी मागितली नाही तर घेऊन जा.

काका, मी तिला राघोच्या टेम्पोत चढू देणार नाही. भर मैदानात, सगळ्या भिवंडीसमोर, परीक्षकाने तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायला हवं की ही घोडी चांगली आहे. मग बघते कोण अपशकुनी म्हणतो ते.

दुसरी बातमी, सुमितचं ठरलं. ९ फेब्रुवारी. मुलगी टिटवाळ्याची, उन्नती, नर्स आहे. आमचे बंधुराज घोड्यावर बसणार नाहीत म्हणे, गोदामातले मित्र हसतील. गाडी सजवणार. बाबांनी तीस वर्षं लोकांचे नवरे घोड्यावर बसवले आणि आपल्या घरातला एकही नवरदेव आजवर घोड्यावर बसलेला नाही. असो, त्याच्याशी नंतर भांडेन.

तुम्ही बाबांचे भागीदार. टांग्यापासून वरातीपर्यंत सगळं तुम्ही केलंत. मला सांगा, मैदानात घोडा कसा उभा करायचा, कसा पळवायचा. लवकर लिहा.

तुमची,
दिना


डोळखांब
९ डिसेंबर

दिना पोरी, आशीर्वाद.

पोस्टमन येतो. मी ओटीवरून हाक मारली की त्याची सायकल हलते.

तुजा पत्र वाचून बरा वाटला. वाल्मीक असता तर त्याची छाती फुगली असती. आता ऐक. पेढ्याला रोज दोन येला खरारा कर. तेल लावू नको, परीक्षकाचा हात चिकटला की तो चिडतो. त्या दिवशी चंदी थोडी दे, पोट ओढलेला दिसला पायजे. उभा करशील तवा चारी पाय चौकात पायजेत, येक पाय मागं पुढं न्हाय. पळवताना त्याच्या डाव्या अंगाला ऱ्हा, लगाम ढिला सोड आन त्याच्या तोंडाकडं बघू नको, आपल्या वाटंकडं बघ. हवालदार शिट्टी वाजली की थांबतो हे ध्यानात ठेव. बँडवाल्यांनी लावलेली खोड हाय ती.

शबनमला मात्र नेऊ नको. तिच्या पाठीला खोगीर लागल्याचा डाग हाय, तिथं पाठ उघडी दाखवायला लागते. वय पण झाला तिचा. गर्दीत बिचकंल, कोनाला चावंल. तुला ठावं हाय, मना बघून तरी कशी कान पाठी टाकायची ती. राघोशी मी बोलतो, चांगल्या ठिकानी देईल.

आन येक सांगतो, राग धरू नको. अर्जावर नाव प्रितेशचा टाक. पळवायला आमच्या टेम्पोवाल्या हरेशला घे. आयोजकाच्या नावाचा घोडा असला म्हंजे कोनी जास्ती हात लावत न्हाय, जास्ती इचारत न्हाय. तुज्याच भल्यासाठी बोलतो.

तुजा काका,
काळूराम


वळ
१४ डिसेंबर

काका, जय भीम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं दुसऱ्या कोणी लिहिलंय.

अर्जावर प्रितेशचं नाव का? घोडे त्याने धुतले? पावसाळ्यात हवालदारच्या खुरात किडे पडले होते तेव्हा गुडघाभर चिखलात कोण बसलं होतं, प्रितेश की मी? अर्जावर लिहिलंय, मालकाचं नाव. मालकाचं नाव आहे धम्मदिना वाल्मीक साळवे. बाबा गेल्यापासून चार वर्षं हा तबेला मी चालवते. आणि धावायला हरेश का? मी धावू शकत नाही, की लोकांना ते बघवणार नाही?

तुमच्याकडून हे येईल असं वाटलं नव्हतं. तुमच्या अंजूरच्या ओट्यावर मी लहानपणी जेवलेय. तुम्ही मला घोड्यावर बसवलंत, पडले तेव्हा "रडू नको गो, तो बघतोय" म्हणून परत बसवलंत. आणि आता तुम्हाला वाटतं की साळव्यांच्या पोरीने भोईरांच्या नावाआड उभं राहावं. लोकांच्या वरातीत लगाम धरून चालताना आमच्याकडे कोणी बघत नाही ते ठीक, सवय आहे. त्या मैदानात बघणार आहेत म्हणून तर मला तिथे जायचंय.

आता शबनमचं. डाग आहे, मान्य. खोगीर लागलं होतं, सगळ्या जगाच्या घोड्यांना लागतं. बाबांनी वर्षभर त्यावर खोबरेल चोळलं, तुम्हाला माहीत आहे. मी परीक्षकाला सांगेन. नियमांच्या कागदावर सातवा नियम आहे, रंग लावलेली, खोटी शेपूट लावलेली, किंवा भोवरी कापलेली वा डागलेली जनावरं बाद. वाचून मला हसू आलं. घोड्याच्या अंगावर केस कुठे गोल फिरलेत ते बघून नशीब ठरवायचं आणि मग तेच लपवायचं! आपल्याकडे लपवलेलं काही नाही, त्यामुळे आपल्याला काय भीती?

आणि ती फक्त तुम्हालाच बघून कान मागे टाकते. परवा तिच्यासमोर "काळूकाका" म्हटलं तरी टाकले. काय वैर आहे तुमचं कोण जाणे.

रोज सकाळी सहाला गोदामांच्या रस्त्यावर हवालदारला पळवते. कुरिअरवाल्या गोदामाचे वॉचमन टाळ्या वाजवतात. "दीदी, मेडल पक्का," म्हणतात. त्यांना तरी शंका नाही.

दिना


वळ
२४ डिसेंबर

काका,

दहा दिवस झाले, उत्तर नाही. रागावलात तर रागवा, पण तब्येत बरी आहे एवढं तरी कळवा.

अर्ज भरला. तिन्ही घोडे माझ्या नावावर, धावणार मी. प्रितेश टेबलावर बसला होता. म्हणाला, "दिना, नुकऱ्यांच्या, पांढऱ्यांच्या गटात लय भारी घोड्या येणारेत, उगाच फजिती नको. काळूआजोबा पण तेच बोलत होते फोनवर." म्हणजे तुम्ही त्याला फोन केलात! बहिऱ्या माणसाने फोन केला, तोही माझी घोडी थांबवायला. मी प्रितेशला म्हटलं, फजिती झालीच तर तुझ्या मैदानात होईल, तिकीट लाव.

काका, तुम्ही तिला का अडवताय? खरं सांगा. मला आता राग नाही, मला कळत नाही.

दिना


डोळखांब
२८ डिसेंबर

दिना,

तीन कागद फाडले. हा चौथा.

तू समजतीस तसा न्हाय गो. तुजी जात, तुजा बाईपन, यातला काय माज्या मनात न्हाय. असता तर मी वाल्मीकच्या ताटात जेवलो नसतो. मी घाबरलो ते माज्यासाठी.

शबनमच्या पाठीवर खोगीर लागला न्हाय. तो डाग मी दिला.

तीन वर्साची व्हती तवा मी बाजारातून आनली. पांढरी, उंच, डोला पानीदार. दोन दिसांनी पाठीवर हात फिरवताना भोवरी लागली. खोगीर बसतो नेमका त्या जागी. तिला छत्रभंग बोलतात. ज्याची घोडी त्याचा छत्र मोडतो, वरातीला नेली तर नवऱ्याच्या जिवाला, असा आमचा बापापासून ऐकलेला. वाल्मीकला सांगितला. तो हसला, बोलला, काळू, केसच हायत ते, आमी असला मानत न्हाय. मी बोललो, तू मानत न्हायस पन गिऱ्हाईक मानतो, लगीनघरचा म्हातारा पाठीवर हात फिरवून बघतो. तो बोलला, बघू दे.

मग सहा डिसेंबर आला. तुमी सगली दादरला गेलात. मी तबेल्यात येकटा. करंजाच्या झाडाला तिला आखडून बांधली आन जुना नाल तापवून त्या जागेवर ठेवला. ती वरडली ते मना आजून ऐकू येतो. बाकी काय ऐकू येत न्हाय, तेवढा येतो.

वाल्मीक परत आला तर पाठ उघडी पडलेली. बोलला, परवा मीच खोगीर घट्ट कसला असंल. मी बोललो, असंल.

एवढाच शब्द. पन तो त्यानं खरा मानला. तुज्या बापानं ते नवा खोगीर खाडीत फेकला आन वर्सभर तेल लावत बसला. मी बाजूला बिडी वढत बघत व्हतो. किती येला वाटला सांगावा. मग तो गेला.

आता परीक्षक हात लावनार, त्याला कळनार. बाद तुजी घोडी व्हनार, चोर तू ठरनार. तू ऐकनार न्हायस वाटला, म्हनून बोललो प्रितेशचा नाव टाक, त्याच्या घोड्याला कोन तपासनार न्हाय. तिला घरी ठेव पोरी. पाया पडतो.

काळूराम


वळ
२ जानेवारी २०२५

काळूकाका,

पत्र आईला वाचून दाखवलं. ती उठून चुलीजवळ गेली आणि नुसतीच बसून राहिली.

मी तबेल्यात गेले. शबनमच्या पाठीवरून हात फिरवला. नालाचाच आकार आहे, काका. सहा वर्षं रोज खरारा करतेय आणि मला दिसला नाही. एवढी मूर्ख मी!

बाबांचं काय करू सांगा. दवाखान्यात ऑक्सिजन लावला होता तेव्हा मला म्हणाले, "दिना, खोगीर कसताना दोन बोटं आत जातात का बघ. मी एकदा नाही बघितलं." तुम्ही तिथेच बाजूला स्टुलावर बसला होतात. तोंडातून एक शब्द निघाला नाही तुमच्या? माणूस मरत होता आणि तुम्ही त्याला तेवढं ओझं घेऊन जाऊ दिलंत. भोवरीला घाबरलात, लगीनघरच्या म्हाताऱ्याला घाबरलात, आणि जो तुमच्यावर विश्वास ठेवून गेला त्याला घाबरला नाहीत.

तुम्ही लिहिता, तिला घरी ठेव. का ठेवू? तिने काय केलंय? तिच्या अंगावर केस गोल फिरले म्हणून तिला डागली, डागली म्हणून ती बाद, बाद म्हणून राघोच्या टेम्पोत. सगळं केलं माणसांनी आणि शिक्षा दरवेळी तिला. नाही. आता तर नेणारच. वाकडं तिकडं सगळं दाखवणार, भोवरीचं पण सांगणार आणि डागाचं पण.

मला तुमची माफी नको. पाया तर मुळीच पडू नका. मला कागद पाहिजे. जे मला लिहिलंत ते तुमच्या हाताने लिहा, पूर्ण नाव, गाव, खाली सही. मैदानात तो वाचला जाईल, तुमच्या भावकीसमोर, अंजूरच्या सगळ्या माणसांसमोर. जमत नसेल तर नका पाठवू. मग मी माझ्या तोंडाने सांगेन, आणि माझ्या तोंडून ते जास्त वाईट ऐकू येईल.

धम्मदिना वाल्मीक साळवे


डोळखांब
६ जानेवारी

दिना,

तुळजा बोलते, बाबा पाठवू नका, प्रितेशच्या मांडवात आपली इज्जत जाईल, भाऊबंद तोंड दाखवू देनार न्हाईत. बरोबर बोलते ती. मी दोन दिवस पाठवला न्हाय.

आज सकाली वाटला, शहात्तर वर्सांचा झालो, ती इज्जत घेऊन जायचा कुठं? म्हनून पाठवतो. पोस्टावर भरवसा न्हाय, हरेश माल घेऊन भिवंडीला येतोय, त्याच्या हाती देतो. कागद सोबत हाय.

"मी काळूराम गोमा भोईर, मूळ अंजूर, सगळ्यांसमक्ष लिहून देतो. शबनम घोडीच्या पाठीवरचा डाग मी तापलेल्या नालाने दिला. भोवरी लपवायला दिला. वाल्मीक साळवे याला ठावं नव्हतं. त्याच्या मुलीला ठावं नव्हतं. घोडीत काही खोट नाही. ज्याला बोलायचं त्याने मला बोलावं. सही."


वळ
१४ जानेवारी, संक्रांत

काळूकाका, जय भीम.

सगळं क्रमाने सांगते, नाहीतर तुम्ही मधेच थांबून तुळजाताईला हाका माराल.

शनिवारी सकाळी पेढ्या. एवढ्या उंच मारवाडी शिंगरांमध्ये आपला पेढ्या म्हणजे लग्नात नवरदेवाशेजारी बसवलेला करवला. पण चौकात उभा काय राहिला! परीक्षक म्हणजे जनावरांचे निवृत्त डॉक्टर, पांढऱ्या मिशा, कोणाशी बोलत नाहीत. त्यांनी पेढ्याचे दात बघितले, पेढ्याने त्यांची टोपी बघितली आणि खाल्ली. तरी उत्तेजनार्थ बक्षीस, एक स्टीलचा जग. आईने लगेच घासून घेतला.

दुपारी हवालदार. तुमच्या सांगण्याप्रमाणे शिट्टीवाल्यापासून लांब ठेवला. मी डाव्या अंगाला, लगाम ढिला, नजर पुढे. दोन फेऱ्या अशा गेला की लोक उभे राहिले. आणि तिसऱ्या फेरीला माइकवाल्याने लोकांना गंमत म्हणून वरातीचं गाणं लावलं. झालं! हवालदार थांबला, मान उचलली, पुढचे पाय उचलून नाचायला लागला. मी ओढतेय आणि तो नाचतोय. पुण्याची मंडळी पोट धरून हसली. स्पर्धेतून बाहेर. पण खरं सांगू का, मला राग नाही आला. ज्या कामाला तो तयार केलाय ते त्याने भर मैदानात केलं. मी त्याच्याबरोबर दोन पावलं नाचले, मग बाहेर आणला.

रविवारी शबनम. अकरा पांढऱ्या घोड्या. बाकी सगळ्यांच्या अंगावर मखमली झूल, रिंगणात येईपर्यंत. मी झूल घातलीच नाही. तबेल्यापासून मैदानापर्यंत उघड्या पाठीने आणली.

परीक्षक आले. तोंड, मान, पाय बघितले, चार पावलं चालवून बघितली. मग हात पाठीकडे नेला आणि तिने कान मागे टाकले. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. डॉक्टरांची बोटं डागावर थांबली. माझ्याकडे बघून म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, "डागलंय सर. खाली छत्रभंग होता. तसं लिहून आणलंय." त्यांनी कागद वाचला, परत दिला आणि हळूच म्हणाले, "पोरी, नियम आहे. बाद."

माइकवर लगेच ओरडले, क्रमांक सतरा बाद, मैदान सोडावे. लोकांत कुजबुज सुरू. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "अरे वही है, नाक्यावाली." मी हलले नाही. परत ओरडले, मी परत नाही हलले. मग प्रितेश धावत आला, "दिना, चल ना, इश्शू नको करू." मी म्हटलं, बाद करा, पण का बाद ते सांगा. नुसतं बाद म्हटलंत तर लोकांना वाटेल घोडीत खोट आहे. हा कागद वाच.

त्याने वाचला. आधी मनात. चेहरा उतरला त्याचा, काका. घडी घालून खिशात टाकायला गेला. मी म्हटलं, "प्रितेश, वाच. नाहीतर मी वाचते, आणि माझा आवाज माइकशिवाय धामणकर नाक्यापर्यंत जातो."

पुढच्या रांगेत तुमची सगळी भावकी बसली होती, फेटे बांधून. त्याने वाचला. तुमचं नाव घेताना अडखळला, पण एक शब्द गाळला नाही, हे मी त्याच्या बाजूने सांगते. "वाल्मीक साळवे याला ठावं नव्हतं" हे मैदानभर घुमलं तेव्हा मी आईकडे बघितलं. ती गर्दीत उभी राहिली होती, पदर खांद्यावर, सगळ्यांना दिसेल अशी.

मग डॉक्टरांनी माझं कार्ड मागून घेतलं आणि पेनने लिहिलं, तसंच्या तसं उतरवते: "बाद. कारण, माणसाने डागले. घोडी निकोप, चाल उत्तम, जनावरात कोणतीही खोट नाही." खाली सही. मी म्हटलं, सर, माइकवर. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग प्रितेशच्या हातातून माइक घेऊन स्वतः वाचलं.

आणि तरी मी मैदान नाही सोडलं. एक पूर्ण फेरी मारली, पळत, तिची उघडी पाठ सगळ्या बाजूंना दाखवत. सुरुवातीला कोणी टाळी वाजवली नाही. अर्धी फेरी झाल्यावर वॉचमन लोकांनी वाजवली. मग बाकीच्यांनी. मला रडू येत होतं आणि धावतही होते, म्हणजे तोंड कसं दिसत असेल ते विचारू नका.

राघो फाटकाशी उभा होता. म्हणाला, "अब तो पक्का कोई नहीं लेगा, संक्रांतको ले जाता हूँ." मी तोंड उघडायच्या आत आई बोलली, "शब्द मी दिला होता, तो मी परत घेते. माझ्या नवऱ्यावरचा खोटा आळ जिच्यामुळे उतरला, ती घोडी मी देत नाही." राघोला काहीच कळलं नाही, पण तो गेला. आज संक्रांत आहे. शबनम तबेल्यात आहे, तीळगूळ खाऊन झालाय.

आता ऐका. काल सुमित तबेल्यात आला, तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, गाडी कॅन्सल. मी हिच्यावर बसतो." आईचा चेहरा पांढरा पडला. मानत नाही म्हणणं वेगळं आणि स्वतःच्या पोराला बसवणं वेगळं, ते मलाही कळलं तेव्हा. मीही घाबरले, खोटं का बोलू? मी म्हटलं उन्नतीला विचार, तिच्याही आयुष्याचा प्रश्न आहे. त्याने तिथेच फोन स्पीकरवर लावला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "केसांच्या भोवऱ्याने जाणारा नवरा असेल तर मला आत्ताच सांगा, मी दुसरा बघते." आई हसली. पहिल्यांदा.

तर ९ फेब्रुवारीला, रविवारी, संध्याकाळी चारला, साळव्यांच्या घरातला पहिला नवरदेव घोड्यावर बसणार आणि ती घोडी शबनम असणार. खोगीर मी कसणार, दोन बोटं आत जातात का बघून.

काका, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. बाबांची आठवण आली की अजून तुमचा राग येतो, आणि बराच काळ येईल असं दिसतंय. पण तुम्ही कागद पाठवलात, पाठवला नसतात तरी चाललं असतं, तरी पाठवलात. वरातीत लगामाच्या उजव्या बाजूला मी असेन. डावी बाजू बाबांची होती, ती मोकळी आहे. नाल त्याच बाजूने आणला होतात ना? त्याच बाजूने चाला, अंजूरवाल्यांसमोर.

दिना


डोळखांब
२० जानेवारी

दिना पोरी,

प्रितेशचा फोन आला व्हता. काय बोलला ते ऐकू आला न्हाय, पन लय वेल बोलला. तुळजानं सांगितला, शिव्या न्हाय देत, विचारतोय आजोबा बरे हायत ना.

मी येतो. आठ तारखेलाच येतो, येस्टीनं. येकदम वरातीत तिच्या बाजूला उभा नको करू मना. आदी तबेल्यात ने, दोघांनाच सोड. तिला बांधू नको. दावा, लगाम, काय घालू नको. मी हात पाठी बांधून उभा ऱ्हाईन.

कान पाठी टाकंल. टाकू दे. चावली तर चावू दे, मधी पडू नको.

काळूराम